वऱ्हाड गेलं, दिवाणगिरी गेली, हातात काठी राहिली: हैदराबादच्या तिसऱ्या सालारजंगांची गोष्ट

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरहून मालेगावकडे निघालं की वाटेत डोणगाव लागतं. इथून हैदराबादला जायचं तर वाशिम, हिंगोली, नांदेड असा लांबचा पल्ला आहे. इथली बरीच मंडळी आयुष्यात एकदा तरी हा प्रवास करतात. चारमिनार बघतात, बिर्याणी खातात, मोत्यांचा भाव करतात आणि सालारजंग म्युझियमला जातात. तिथे ते घड्याळ बघितलं जातं, दर तासाला छोटा माणूस बाहेर येऊन घंटा वाजवतो ते. संगमरवरी रेबेकाच्या चेहऱ्यावरची ओढणी दगडाची आहे यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मग पाय दुखायला लागतात आणि सगळे बाहेर पडतात.

या घाईत एक गोष्ट बहुतेकांची बघायची राहून जाते. तिथल्या चालायच्या काठ्या. चांदीच्या मुठीच्या, हस्तिदंती मुठीच्या, चंदनाच्या, वेताच्या, आणि आत पातं लपवलेल्या गुप्त्यासुद्धा. एका माणसाला इतक्या काठ्या कशाला लागल्या असतील, असा प्रश्न पडायला हवा.

त्या माणसाचं नाव मीर युसुफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग. आणि त्यांच्या घराण्याचा डोणगावशी संबंध आहे, तोही चांगलाच जुना.

डोणगाव निजामाकडून इंग्रजांकडे कसं गेलं?

१८५३ पर्यंत वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे मेहकर, डोणगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती हा सगळा मुलूख हैदराबादचा. निजामाच्या नावावर इंग्रजांनी एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिंजंट. डोणगावपासून तशा जवळच असलेल्या हिंगोलीतही तिची छावणी होती. फौज इंग्रजांच्या हुकुमातली आणि पगार निजामाने द्यायचा, असा तो मामला. पगार थकला, कर्ज चढलं आणि मे १८५३ मध्ये इंग्रजांनी वसुलीसाठी वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दोआब आपल्या ताब्यात घेतला.

हा करार झाला तेव्हा हैदराबादचे दिवाण होते सिराज-उल-मुल्क. करारानंतर आठवड्याभरातच ते वारले. त्यांच्या जागी २४ वर्षांचा पुतण्या दिवाण झाला. हे मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग. आपल्या गोष्टीतल्या युसुफ अलींचे आजोबा.

आजोबा जबरदस्त माणूस होते. पुढची तीस वर्षं त्यांनी हैदराबाद चालवलं. राज्याचे जिल्हे पाडले, महसुलाची घडी बसवली, कर्जात बुडालेला खजिना वर काढला. १८५७ च्या उठावात त्यांनी हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने ठेवलं. त्यासाठी त्यांच्यावर टीका तेव्हाही झाली, आजही होते. या मदतीच्या बदल्यात वऱ्हाड परत मिळेल असं त्यांना वाटत होतं. १८६० मध्ये इंग्रजांनी धाराशिव आणि रायचूर दोआब परत दिला. वऱ्हाड दिलं नाही. वऱ्हाडची जमीन काळी, कापूस पिकवणारी. ती सोडायला इंग्रज काही खुळे नव्हते.

मग आजोबा हट्टाला पेटले. अर्ज केले, पत्रं लिहिली, फौजेच्या खर्चापोटी रोख रक्कम ठेवायची तयारी दाखवली. १८७६ मध्ये ते थेट युरोपला निघाले. वरवर पाहता तो पाहुणचाराचा दौरा होता, ड्यूक ऑफ सदरलँडचं आमंत्रण होतं. पण डोक्यात वऱ्हाड होतं.

या दौऱ्यात दोन गोष्टी घडल्या. रोममध्ये त्यांनी बेंझोनी या शिल्पकाराची ‘व्हेल्ड रेबेका’ विकत घेतली, तीच आजची ओढणीवाली रेबेका. आणि पॅरिसमध्ये हॉटेलच्या जिन्यावरून ते पडले, पाय जायबंदी झाला. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट, ऑक्सफर्डची मानद पदवी हे सगळं त्यांनी त्या दुखऱ्या पायानिशी केलं. मानसन्मान भरपूर झाला. वऱ्हाडचा विषय मात्र निजाम लहान आहे, तो वयात आल्यावर बघू, असं सांगून पुढे ढकलला गेला.

निजाम मीर महबूब अली खान १८८४ मध्ये वयात आले. पहिले सालारजंग त्याआधी एक वर्ष, फेब्रुवारी १८८३ मध्ये कॉलऱ्याने गेले होते.

थोडक्यात काय, आजोबा वऱ्हाड आणायला गेले आणि रेबेका घेऊन आले. नातवाने ही दुसरी गोष्टच पुढे चालवली.

जन्म पुण्याचा

युसुफ अलींचा जन्म १३ जून १८८९ चा, आणि तो हैदराबादचा नाही, पुण्याचा. वडील मीर लायक अली खान हे दुसरे सालारजंग. आजोबांनंतर तेही दिवाण झाले होते, पण निजामाशी बिनसलं आणि १८८७ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. मुलगा झाला आणि महिना भरायच्या आत, ७ जुलै १८८९ ला वडील वारले. वय पंचविशीच्या आसपास.

म्हणजे पाळण्यातल्या पोराच्या नावावर हैदराबादमधली सर्वात मोठ्या जहागिरींपैकी एक आली. तीनशेहून जास्त गावं. कर्नाटकातलं कोप्पळ त्यात होतं, तेलंगणातले भाग होते आणि मराठी मुलखातलं अजिंठाही होतं. होय, लेण्यांच्या जवळचं अजिंठा गाव. बुलढाण्याहून फार लांब नाही. मुलगा मोठा होईपर्यंत हा सगळा कारभार निजामाच्या देखरेखीखाली चालला.

शिक्षण हैदराबादच्या निजाम कॉलेजात झालं. फारसी, उर्दू, इंग्रजी, घोडेस्वारी, पोलो, जे नवाबाच्या पोराला यायला हवं ते सगळं आलं. घर होतं दिवाण देवडी. मुसी नदीजवळचा हा वाडा म्हणजे एक छोटं गावच होतं. आरसे महाल वेगळा, चिनी मातीच्या भांड्यांनी सजवलेला चिनीखाना वेगळा. आजोबांनी जमवलेल्या वस्तू भिंतीभिंतीला होत्या. रेबेका होतीच.

दरम्यान वऱ्हाडचं काय झालं? १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने सहाव्या निजामाला बोलणीला बसवलं आणि वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेऊन टाकलं. वर्षाला २५ लाख रुपये भाडं. १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. तीस वर्षं आजोबांनी ज्याच्यासाठी पाठपुरावा केला ते प्रकरण नातू १३ वर्षांचा असताना असं मिटलं. नावापुरती मालकी निजामाची राहिली, इतकी नावापुरती की १९३६ नंतर निजामाच्या थोरल्या मुलाला प्रिन्स ऑफ बेरार म्हणायचे आणि डोणगावचा शेतसारा मात्र नागपूरच्या सरकारकडे जायचा.

२३ व्या वर्षी दिवाण, २५ व्या वर्षी माजी

१९११ मध्ये मीर उस्मान अली खान सातवे निजाम झाले. १९१२ मध्ये त्यांनी युसुफ अलींना दिवाण नेमलं. दिवाण २३ वर्षांचे आणि निजाम २६ वर्षांचे. आजोबांसारखं राज्य चालवायची संधी नातवाला मिळाली असं सगळ्यांना वाटलं.

पण एक फरक होता. आजोबा दिवाण होते तेव्हाचा बराच काळ निजाम लहान होते. इथे निजाम तरुण होते आणि त्यांना राज्य स्वतः चालवायचं होतं. दोघांचं जमेना. नोव्हेंबर १९१४ मध्ये युसुफ अलींनी राजीनामा दिला. त्यानंतर निजामांनी काही वर्षं दिवाणच नेमला नाही, कारभार स्वतःच बघितला.

आता विचार करा. वय २५. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिवाणगिरी, तेच एक काम माहिती. ते गेलं. पैसा अफाट, काम शून्य. लग्न केलेलं नाही, आणि पुढेही केलं नाही. अशा अवस्थेतल्या जहागीरदारांनी काय काय केलं याच्या गोष्टी हैदराबादेत कमी नाहीत. घोडे, दारू, कर्ज.

युसुफ अलींनी वस्तू घ्यायला सुरुवात केली. आणि पुढची पस्तीस वर्षं ते थांबले नाहीत.

जे दिसेल ते

दिवाण देवडीच्या दाराशी व्यापारी येऊन बसायचे. हा नवाब चांगली वस्तू परत पाठवत नाही, ही बातमी सगळीकडे पोचली होती. परदेशातही त्यांच्यासाठी खरेदी व्हायची, स्वतः ते युरोपला आणि पश्चिम आशियाला जाऊन आले.

त्यांनी काय घेतलं याची यादी करण्यापेक्षा काय सोडलं ते शोधणं सोपं. मुघलांच्या जेड दगडाच्या वस्तू, नूरजहाँच्या नावाने ओळखला जाणारा खंजीर, टिपू सुलतानशी नातं सांगितलं जातं त्या हस्तिदंती खुर्च्या, चिनी भांडी, जपानी नक्षीकाम, फ्रेंच फर्निचर, हजारो हस्तलिखितं, गालिचे, घड्याळं. एकाच लाकडात पुढून मेफिस्टोफेलिस आणि मागून मार्गारेटा कोरलेला तो दुहेरी पुतळाही. लहान मुलांची खेळणी, खेळण्यातले सैनिक. घरात मूल नसलेल्या माणसाने खेळणी जमवावीत, याचा ज्याने त्याने आपापला अर्थ लावावा.

आणि काठ्या.

जाणकार या संग्रहावर नाकं मुरडतात, ते फार चूक नाही. युरोपियन चित्रांमध्ये नकला बऱ्याच आहेत. उत्तम वस्तूच्या शेजारी अगदी सुमार वस्तू ठेवलेली दिसते. युसुफ अली एका विषयाचे अभ्यासक नव्हते, त्यांना वस्तूंचीच भूक होती. पण या भुकेचा एक फायदा झाला. निवडक संग्राहक राजाची तलवार घेतो. काठी, खेळणं, चाकू, कपबशी याला तो हात लावत नाही, आणि म्हणून या वस्तू जगातून आधी नाहीशा होतात. इथे त्या टिकल्या.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी नेमकं हेच केलं होतं, फक्त खिशात पैसे नसताना. अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणारा हा माणूस दिवे, अडकित्ते, दौती गोळा करत देशभर फिरला आणि त्यातून राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं. एक जहागीरदार, एक चष्म्याचा दुकानदार. केळकरांचा संग्रह मात्र जास्त डोळस आहे, हे म्हणायला हरकत नाही.

काठीत एवढं काय असतं?

आज काठी म्हणजे म्हातारपण. युसुफ अलींच्या तरुणपणी तसं नव्हतं. युरोपात सभ्य माणसाने कमरेला तलवार लावायची पद्धत मागे पडली, तशी तिच्या जागी हातात काठी आली. लंगडण्यासाठी नाही, दिसण्यासाठी. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. काठीची मूठ बघून माणसाची ऐपत कळायची, जशी आज मनगटावरच्या घड्याळावरून कळते.

आपल्याकडे चांदीची काठी त्याहून जुनी. दरबारात राजापुढे चांदीची काठी घेऊन चालायचा तो चोबदार. फारसीत चोब म्हणजे लाकूड, काठी. हाच शब्द मराठीत चोपदार झाला आणि वारीत गेला. पालखीसोबतच्या चोपदाराने दंड उंचावला की दिंड्या शांत होतात, ते याच दरबारी परंपरेतून आलेलं. म्हणजे हैदराबादच्या नवाबाच्या हातातली चांदीची मूठ ही निव्वळ साहेबी फॅशन नव्हती. दोन्हीकडून तिचा अर्थ एकच होता, या माणसाला वाट द्या.

आणि ज्याला आता कुणी वाट द्यायची गरज उरली नव्हती, त्या माजी दिवाणाने नेमक्या या काठ्या गोळा केल्या.

एक चांगली जुनी काठी चार भागांची असते. वर मूठ. मुठीच्या खाली जोड झाकणारं कडं. मग दांडा. आणि तळाला धातूची शेंबी, म्हणजे टोक झिजू नये म्हणून बसवलेली टोपी. दांड्यासाठी सर्वात नावाजलेला म्हणजे मलाक्का वेत. हा वेत यायचा सुमात्रा आणि मलायाच्या जंगलातून, मलाक्का बंदरातून विकला जायचा म्हणून ते नाव. रंग तपकिरी, वजनाला हलका, वाकतो पण मोडत नाही. वेताच्या दोन पेरांमधल्या एकाच तुकड्यातून, मधे गाठ न येता, अख्खी काठी निघाली तर ती भारीतली. इतकं लांब पेर क्वचित मिळतं.

मूठ भरीव चांदीची असेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा ती नसते. चांदीचा पातळ पत्रा साच्यात ठोकून आकार द्यायचा आणि आत राळ भरायची. त्यामुळे मूठ हाताला भरीव लागते. घासून घासून चकचकीत करायच्या नादात हा पत्रा झिजतो, नक्षी पुसट होते, कधी छिद्रं पडतात. म्हणून जाणता संग्राहक काळवंडलेली मूठ बघून खूश होतो, लखलखती बघून संशय घेतो.

इंग्लंडच्या मुठीवर बारीक शिक्के असतात. चालणारा सिंह असेल तर चांदी स्टर्लिंगची, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग शुद्ध. त्याच्या शेजारी शहराची खूण. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं मस्तक म्हणजे लंडन. मग एक अक्षर, जे दरवर्षी बदलायचं, त्यावरून साल कळतं. शेवटी कारागिराची आद्याक्षरं. भिंगाखाली धरलं की तांदळाएवढ्या जागेत काठीचा जन्मदाखला वाचता येतो. सिंह नसेल आणि ई.पी.एन.एस. अशी अक्षरं असतील, तर ती चांदी नाही, नुसता मुलामा आहे.

भारतीय मुठींवर असे शिक्के सहसा नसतात. तिथे नक्षी, वजन आणि सोनाराचा हात बघावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यातल्याच खामगावला चांदीच्या व्यापारामुळे रजतनगरी म्हणतात. तिथल्या जुन्या सराफांना कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढली की पुरेसं असतं.

डोणगावात किंवा कुठेही आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत अशी काठी सापडली, तर तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. काठी शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मूठ हस्तिदंती असेल तर ती विकता येत नाही, वन्यजीव कायदा आडवा येतो. आणि मूठ फिरवल्यावर आतून पातं बाहेर आलं, तर ती गुप्ती आहे, शस्त्र कायद्याचा विषय. ती कमरेला लावून रील बनवायची नाही.

दोन काठ्या

गंमत अशी की ज्या निजामाशी युसुफ अलींचं पटलं नाही, तो उस्मान अली खानही काठीसाठीच लक्षात राहिला आहे. १९३७ मध्ये टाइम साप्ताहिकाने ज्याला जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, तो म्हणे साध्या कपड्यांत, जुनी टोपी घालून, जुनी काठी टेकत फिरायचा. त्याच्या काटकसरीचे किस्से हैदराबादेत अजून सांगतात. राजा पैसा साठवत होता आणि त्याचा माजी दिवाण जहागिरीचा सगळा पैसा वस्तूंवर उधळत होता.

हा पैसा कुठून यायचा, तेही बोललं पाहिजे. तो अजिंठ्याच्या, कोप्पळच्या, तेलंगणातल्या गावांच्या शेतसाऱ्यातून यायचा. जहागिरीतल्या कुळाला चांदीची मूठ कशी दिसते हे माहीत असायचं कारण नव्हतं. लंडनच्या दुकानातली एक काठी म्हणजे कुणाच्या तरी ज्वारीचं पीक. संग्रहाचं कौतुक करताना हे विसरलं जातं. मात्र हेही खरं की इतर जहागीरदारांनी तोच पैसा जिथे घातला, तिथलं आज काही उरलेलं नाही.

मृत्युपत्र नाही, मूल नाही

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि हैदराबाद भारतात आलं. पुढच्याच वर्षी २ मार्च १९४९ ला युसुफ अली खान वारले. वय ५९. काही महिन्यांत, ऑगस्ट १९४९ मध्ये, हैदराबादमधल्या जहागिऱ्या रद्द झाल्या. आणखी थोडे जगले असते तर ज्या उत्पन्नावर हे सगळं उभं होतं ते जाताना त्यांनी बघितलं असतं.

खरा पेच आता होता. थेट वारस नाही. दिवाण देवडीच्या खोल्याखोल्यांत वस्तू छतापर्यंत रचलेल्या, त्यांची नीट यादी नाही. दूरच्या नातेवाइकांचे दावे सुरू झाले. हे सामान वाटण्या होऊन लिलावात गेलं असतं, तर ते मुंबई, लंडन, न्यूयॉर्कच्या दुकानांत विखुरलं असतं आणि आज कुणाला सालारजंग हे नावही आठवलं नसतं. राजेरजवाड्यांचे कितीतरी संग्रह त्या काळात असेच गेले. इथूनही बरंच काही गहाळ झालं असं म्हटलं जातंच.

सरकारने वटहुकूम काढून इस्टेट सांभाळायला समिती नेमली. तेव्हाचे हैदराबादचे प्रशासक एम. के. वेल्लोडी यांनी या वस्तूंचं संग्रहालय करायची कल्पना पुढे नेली. मांडणीसाठी कलासमीक्षक डॉ. जेम्स कझिन्स यांना बोलावलं. समितीचे मेहदी नवाज जंग यांनी वारसांची समजूत घालायचं अवघड काम केलं. १६ डिसेंबर १९५१ ला दिवाण देवडीतच पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय सुरू झालं. ज्या दारावर फक्त व्यापाऱ्यांना प्रवेश होता, तिथे सामान्य माणसाला आत सोडलं गेलं.

पण मालकी अजून ठरली नव्हती. ती ठरायला १९५९ उजाडलं. वारसांनी तडजोड मान्य केली, उच्च न्यायालयात त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि संग्रह भारत सरकारकडे आला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं. १९६८ मध्ये सगळं सामान मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीत हललं. संग्रहात आज ४० हजारांहून जास्त वस्तू आहेत, पुस्तकं आणि हस्तलिखितं वेगळी. दिवाण देवडी मात्र गेली. आरसे महाल नाही, चिनीखाना नाही, वाड्याच्या जागी दुकानांच्या इमारती आणि जुन्या दरवाजांच्या खुणा आहेत.

वऱ्हाडही शेवटी हैदराबादला मिळालं नाही. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलं, आणि निजामाचा मराठवाडाही त्याच वेळी त्याच राज्यात आला. डोणगाव आणि हिंगोली १८५३ मध्ये एका सहीने वेगळे झाले होते, ते एकशे तीन वर्षांनी पुन्हा एका सरकारखाली आले. अजिंठाही सोबत होतंच. चार वर्षांनी त्याचं महाराष्ट्र झालं.

पुढच्या वेळी हैदराबादला गेलात तर घड्याळापाशी गर्दी जमायची वेळ साधा, म्हणजे तासाला पाच-दहा मिनिटं कमी असताना. सगळे तिकडे धावतात. तेवढ्या वेळात काठ्यांच्या कपाटांसमोर शांतपणे उभं राहता येतं. मुठीच्या कडेला, कड्याच्या जरा वर बघा. काही मुठींवर तो बारीक सिंह शोधता आला, तर तळाकडे शेंबीही बघून घ्या. शेंबी झिजलेली असेल तर ती काठी कुणीतरी खरोखर वापरली होती. कोरी असेल तर ती दुकानातून निघाली ती थेट दिवाण देवडीत आली, आणि तिथून कधी बाहेर पडलीच नाही.